कोऱ्या टेपचं करायचं काय

नव्वदच्या दशकात, डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून, माझ्या धाकट्या दिरानं मराठी रॅपची अख्खी कॅसेट काढली. अख्खी म्हणजे दोन्ही बाजू. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं भांडण त्या दोन बाजूंवरूनच झालं.

घरात माणसं चार. सासरे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माझा नवरा कारखान्यात पाळ्या करणारा, आणि पाळीच्या निमित्तानं घरातल्या प्रत्येक वादाला गैरहजर राहणारा. दीर कॉलेज संपवून आता कुठे चिकटायचं याचा विचार करत बसलेला. आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यांच्या वाटणीचा सल्ला द्यायला कल्याणहून आत्या यायच्या, सासऱ्यांची धाकटी बहीण. सल्ल्याची कमतरता आम्हाला कधीच भासली नाही.

घरात केबल आली आणि दिरानं परदेशातले रॅपवाले पाहिले. त्यांच्यासारखी ढगळ पँट आमच्याकडे मिळत नव्हती, म्हणून तो थोरल्या भावाच्या कारखान्यातल्या पँटी घालू लागला. इमारतीतल्या बायकांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "दीर फारच वाळलाय गं, कावीळबिवीळ नाही ना?" एकीनं तर उसाचा रस सुचवला. मी रसाबद्दल आभार मानले आणि पँटी दोऱ्यानं आत घेतल्या. त्यानं त्या पुन्हा उसवल्या.

गाणी मात्र तो परदेशातली म्हणत नव्हता. आमचीच म्हणायचा. गॅलरीत उभा राहून, कठड्यावर बोटांनी ठेका धरून, पाण्याच्या वेळा, खड्डे, शिकवण्या, सोसायटीची सर्वसाधारण सभा, सगळं यमकात.

"पाणी आलं, पाणी आलं, उठा सगळे घरातले,
हंडे भरा, बादल्या भरा, डबे भरा फराळातले."

सासरे पेपर बाजूला न करता ऐकत. एकदा म्हणाले, "हे गाणं आहे की तक्रार अर्ज?"

"दोन्ही, बाबा."

"मग खाली सही कर आणि प्रत कोणाला ते लिही. नुसतं ओरडून काय होणार?"

दिराची पंचवीसेक गाणी झाली, तेव्हा तो मुंबईला एका कॅसेट कंपनीत जाऊन आला. तिथल्या साहेबांनी त्याला गोड बोलून सांगितलं की गणपतीसाठी आमची नॉनस्टॉप कॅसेट निघतेय, त्यात दोन कोळीगीतांच्या मधे तुझं एक गाणं घेऊ. चव बदलायला. घरी येऊन तो ओट्याजवळ उभा राहिला.

"वहिनी, मला लोणचं म्हणून वाढतायत."

"मग वाढू द्या की भाऊजी. पानात तर येताय."

"नाही. मला अख्खं पान हवंय. दोन्ही बाजू. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझंच. कोणाच्या मधे नाही, कोणाच्या नंतर नाही. स्वतःच काढणार."

मी त्या घरात आल्यापासून त्यानं एवढं स्पष्ट काहीच मागितलं नव्हतं. नोकरीबद्दल विचारलं की 'बघू', लग्नाबद्दल विचारलं की 'बघू'. हे पहिलंच ठाम वाक्य. म्हणून मी व्यवस्था अंगावर घेतली. कामं तीन होती: रेकॉर्डिंगची जागा, कॅसेटच्या आतला छापील कागद, आणि कॉपी करून देणारा माणूस. जागा ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागे मिळाली. कागद डोंबिवलीत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. कॉपी करणारा कल्याणचा, सासऱ्यांच्या जुन्या ओळखीतला.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गोणपाट, दाराला गादी, मधे एक काच. मालक आणि रेकॉर्डिंग करणारा एकच, कोळीवाड्यातला, हळदीच्या आणि नवरात्राच्या गाण्यांत मुरलेला. त्याला कुठलाही आवाज मिळाला की तो त्याला इको घालायचा. रिक्षावरून फिरवायच्या सेलच्या जाहिरातीलाही त्यानं इको घातला होता, त्यामुळे साड्यांवरची सूट देवळाच्या गाभाऱ्यातून जाहीर झाल्यासारखी वाटे.

"वहिनी, इको नाय घातला तर लोकांना वाटंल पोरगा घरात बसून बोलतंय," तो मला म्हणाला.

दीर काचेपलीकडून ओरडला, "मी घरात बसूनच बोलतोय!"

"मग स्टुडिओत कशाला आलास रं?"

शेवटी तडजोड झाली. इको फक्त एका गाण्याला, ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकावरच्या.

"फाटक पडलं, फाटक पडलं, आयुष्य सगळं थांबलं,
अलीकडे लग्न जुळलं आणि पलीकडे ते लांबलं."

ते गाणं खरंच चांगलं झालं होतं. मला रॅपमधलं काही कळत नाही, पण त्या फाटकावर मी स्वतः भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहिलेली आहे, त्यामुळे माझं मत ग्राह्य धरायला हरकत नाही.

पंचवीसांतली बरी निवडून त्यानं रेकॉर्ड केली आणि मूळ कॅसेट घरी आणली. सासऱ्यांनी घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. त्यांच्या मते कुठलीही गोष्ट तपासायची तर अशीच. पहिली बाजू संपली, दुसरी लागली. दुसरीवर शेवटचं गाणं झालं आणि मग नुसती खरखर. सासरे वाट पाहत बसले. खरखर चालूच.

"बिघडली का?"

"नाही बाबा. संपली."

"संपली कशी? टेप फिरतेय अजून."

"गाणी संपली. टेप शिल्लक आहे."

सासरे घड्याळाकडे बघत होते. चांगली वीस मिनिटं कोरी जात होती. त्यांच्या चेहऱ्यावर जो धक्का होता तो पाण्यावरच्या, खड्ड्यांवरच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीवरच्या ओळी ऐकताना आला नव्हता. मुलगा सगळ्या गावाबद्दल वाटेल ते बोलला, ते त्यांनी सोसलं होतं. पण कोरी टेप?

"साठ मिनिटांची कॅसेट म्हणून देणार आणि वीस मिनिटं कोरी? उद्या मी दुधाच्या पिशवीत पाऊण लिटर घेऊन येईन, चालेल का?"

दीर म्हणाला, लहान टेप घेऊ. मी चौकशी केली. कल्याणवाल्याकडे साठाचाच साठा होता आणि त्याला दुसरा माल आणायचा उत्साह नव्हता. दीर म्हणाला, मग राहू दे कोरी, लोक बटण बंद करतील. यावर सासऱ्यांनी जे वाक्य उच्चारलं ते पुढे फार गाजलं, म्हणून जसंच्या तसं देते: "कोरी टेप विकणं ही रसिकांची शुद्ध फसवणूक आहे."

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. आमच्याकडे संकट आलं की त्यांना कळवावं लागत नाही.

"भरायची आहे ना? मग भरा की," त्या पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या. "सुरुवातीला देवाचं काहीच नाही, हे मला आधीच खटकलं होतं. नळाच्या गाण्यानं कोणी कॅसेट सुरू करतं का रे?"

"आत्या, तो रॅपचा अल्बम आहे," दीर म्हणाला.

"असू दे. देव सगळ्यांत असतो."

सासऱ्यांनी लगेच कपाट उघडलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः एक गणेशस्तवन रचलं होतं, कडवी अकरा. ते आजवर कोणी पूर्ण ऐकलेलं नव्हतं. मी तीन कडवी सुचवली.

"कुठली गाळू, सूनबाई? प्रत्येक कडव्यात गणपतीचं एकेक नाव आहे. कुठल्या नावाला सांगू की तू बाहेर थांब?"

स्तवनानंतर कवीचं मनोगत हवं, हे ओघानं आलं. आत्यांना मंगळागौरीचं गाणं म्हणायचं होतं, कारण त्यांच्या मते जुनं जपायला हवं आणि त्यांचा आवाज अजून शाबूत होता. तळमजल्यावरच्या काकू घरगुती मसाले विकायच्या. त्यांना कुणकुण लागली आणि त्या वाटीभर चटणी घेऊन वर आल्या. "माझ्या मसाल्याचे दोन शब्द टाका की मधे. रेडिओवर नाही का येत?" चटणी फार चांगली होती. त्याच दुपारी सासऱ्यांनी होकार दिला.

असं करता करता कोरी टेप भरली. मग सांडायला लागली. मी बेरीज केली तेव्हा लक्षात आलं की स्तवन, मनोगत, मंगळागौर आणि मसाला धरून आता उलटी अडचण झाली आहे. टेपच पुरत नाही. काहीतरी काढायला हवं.

मी ते मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी दिराकडे पाहिलं.

"ते फाटकाचं काढ," सासरे म्हणाले. "फाटक काय, रोजच पडतं."

"आणि ते सोसायटीच्या सभेचं पण," आत्या म्हणाल्या. "उगाच सेक्रेटरीशी वाकडं कशाला?"

पोरानं दोन्ही बाजू स्वतःच्या मागितल्या होत्या. आता त्याच्याच कॅसेटमधे तो पुन्हा लोणचं व्हायच्या बेतात होता, आणि या वेळी वाढणारे घरचेच होते. मला वाटलं, हा आता आवाज चढवणार. मी गॅलरीचं दारही लोटून घेतलं, शेजारी ऐकतात. पण तो नुसता म्हणाला, "बरं. सगळ्यांना स्टुडिओत घेऊन जाऊ."

त्याचं ते 'बरं' मला आवडलं नाही. 'बघू'पेक्षा वाईट वाटलं.

ठाण्याला जायला मी रिक्षा ठरवली. मागे सासरे, आत्या आणि काकू; पुढे रिक्षावाल्याशेजारी दीर. मी मागून बसनं. मी पोचले तेव्हा आत्यांनी रेकॉर्डिंगवाल्याला गोणपाट धुवायला टाकायला सांगून झालं होतं.

दीर काचेपलीकडे मशीनजवळ बसला होता. आल्यापासून त्यानं टेप चालूच ठेवली होती, हे मला नंतर कळलं. सासरे माइकसमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"रसिकहो," ते म्हणाले.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "काका, माइकला एवढं घाबरू नका. तो चावत नाय."

"मी घाबरलेलो नाही. मी विराम घेतला होता."

"मग परत बोला."

"रसिकहो... रसिकहो, सस्नेह नमस्कार."

"बाबा, अजून एकदा. चाचणी म्हणून," दीर म्हणाला. असं त्यानं त्यांच्याकडून मनोगत दोनदा आणि कोऱ्या टेपबद्दलचं मतही एकदा म्हणवून घेतलं. सासरे खूश होते. मुलगा प्रथमच त्यांना 'अजून एकदा बोला' म्हणत होता.

आत्यांनी गाण्याआधी विचारलं, "चालू झालं का गं? दिवा लागला की चालू ना? कुठला दिवा, लाल? मला तर दिसत नाहीये. दादा, तू हल की जरा!" मग मंगळागौर म्हणायला लागल्या, मधेच खोकल्या, पाणी प्यायल्या, पहिल्यापासून सुरू झाल्या. काकूंचं तसं झटपट झालं. "आमचा गोडा मसाला वापरा, आणि बिघडलं तर मला सांगा." एवढं बोलून त्या बाहेर येऊन बसल्या आणि उरलेला वेळ रेकॉर्डिंगवाल्याशी जवळा कशात परतावा यावर हुज्जत घालत राहिल्या. ती हुज्जत त्या हरल्या.

त्यानंतरचे काही दिवस दीर सकाळी डबा घेऊन ठाण्याला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. सासरे शेजाऱ्यांना सांगत, "कामावर जातो." खोटंही नव्हतं. मी त्याला एकदाच विचारलं, कुठलं गाणं काढताय? तो म्हणाला, "कुठलंच नाही, वहिनी." मग मी बेरीज पुन्हा केली. बसत नव्हतं. मी अंदाज करणं सोडून दिलं आणि पत्रिकावाल्याकडे कागदाची प्रुफं बघायला गेले. त्यानं कोपऱ्यात सवयीनं कलश आणि नारळ छापले होते. कलश काढायला लावला, नारळ राहून गेला.

मग एका रविवारी सकाळी पोहे झाल्यावर दिरानं टेपरेकॉर्डर मधल्या टेबलावर ठेवला. कल्याणवाला सोमवारी मशीन लावणार होता, पण सासऱ्यांचा होकार आल्याशिवाय नाही. त्याला कॅसेट कोणाची आहे यापेक्षा कोणाच्या ओळखीनं आली आहे हे जास्त महत्त्वाचं होतं. त्यामुळे जे काही ठरायचं ते त्याच खोलीत ठरणार होतं. आत्या मुद्दाम आल्या होत्या. काकू दारातच उभ्या. नवरा पाळीवर.

कॅसेट लागली. आधी आत्या. "चालू झालं का गं?" मग ढोलकीचा एक ठोका. "चालू झालं का? चालू झालं का? चालू, चालू, चालू झालं का गं?" आणि खालून ठेका सुरू. आत्यांनी तोंडाला पदर लावला. मग सासरे: "रसिकहो... रसिकहो... रसि, रसि, रसिकहो." स्टुडिओतल्या कीबोर्डात थोडासा आवाज साठवून बोट दाबलं की पुन्हा वाजवायची सोय होती. दिरानं त्या सोयीत माझ्या सासऱ्यांना कोंडलं होतं.

स्तवनाचं एकच कडवं होतं, पहिलं, पण ते संपूर्ण. त्याच्याशी काही खेळ केलेला नव्हता. फक्त खालून हळू ठेका, आणि त्यावर निवृत्त हेडक्लार्कचा थोडा थरथरणारा आवाज. ते झालं आणि पाण्याचं गाणं आलं. दीर म्हणत होता की नळ बिघडला, मोटर बिघडली, टाकी बिघडली, आणि प्रत्येक वेळी काकू उत्तर देत होत्या, "बिघडलं तर मला सांगा." दारातून काकू हसल्या, मग गंभीर झाल्या. "अरे पण यात मसाल्याचं काय झालं?"

सोसायटीच्या सभेचं गाणं आलं. त्यातला सेक्रेटरी काही बोलायला तोंड उघडतो आणि सासऱ्यांचा आवाज येतो: "शुद्ध फसवणूक आहे. शुद्ध फसवणूक आहे." या बाजूचं एकही गाणं गळलं नव्हतं. गाळली होती ती दहा कडवी, मंगळागौरीतला खोकला सोडून बाकीचा बराच भाग, आणि नमस्कारानंतरचं सगळं मनोगत.

मी सासऱ्यांकडे बघायचं टाळत होते. दीर टेबलाला टेकून उभा होता, बोटं टेबलावर होती पण ठेका धरत नव्हती. पहिली बाजू संपली. बटण खटकन वर आलं.

मग आत्या म्हणाल्या, "दादा, तुझा आवाज किती रे शोभला!"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "उच्चार स्पष्ट आलाय," ते म्हणाले. "'रसिकहो'मधला 'हो' कोणी नीट म्हणत नाही हल्ली. तो आलाय." मग पुढे म्हणाले, "नमस्कार मात्र एकदाच घेतलास. तो पण फिरवायचा होतास."

"ठेक्यात बसत नव्हता, बाबा."

"बसवायचा. कडवी किती घेतलीस?"

"एक."

"अकरा होती."

"माहितीय."

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण ते त्यांच्या मनगटावर होतं, पुढ्यात काढून ठेवलेलं नव्हतं. "आणि दुसऱ्या बाजूला मी किती वेळा येतो?"

दिरानं माझ्याकडे पाहिलं.

"येत नाही तुम्ही. कोणीच येत नाही. ती बाजू फक्त माझी आहे. फाटकापासून सुरू होते. आणि शेवटी थोडी कोरी आहे. ती तशीच राहणार."

"दुसरी बाजू पूर्ण तुझी?"

"हो."

"मग ती कोण ऐकणार?"

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं की चौकशी म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. हेडक्लार्कच्या आवाजात तो फरक नसतो. दिरानं कॅसेट काढली, उलटली आणि परत आत घातली.

आत्या उठायला लागल्या. "मी जरा चहा टाकते. माझं झालंय ना यातलं?"

"बस गं," सासरे म्हणाले. "चहा नंतर."

आत्या बसल्या. काकू उंबरा ओलांडून आत आल्या आणि पाटावर टेकल्या. दिरानं बटण दाबलं.